संगणकातला पूर आणि नदीतला पूर

विष्णुपुरीला गोदावरीवर धरण आहे. शंकरसागर जलाशय म्हणतात तो हाच. नांदेड शहर या धरणाच्या खालच्या अंगाला आहे. पावसाळ्यात वरून पाण्याचा येवा वाढला की धरणाचे दरवाजे उघडावे लागतात आणि मग नदीकाठच्या सखल वस्त्यांना सावध करावे लागते. पाणी किती वेगाने चढते आहे ही बातमी वेळेवर पोचणे म्हणजे काय, हे इथल्या माणसांना सांगावे लागत नाही.

याच विष्णुपुरीत १९८१ साली श्री गुरु गोबिंदसिंहजींच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. त्यामुळे धरण, नदी आणि संगणक या तिन्ही गोष्टी इथल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यात असतात. शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आला, तो या तिन्हींची सांगड घालणारा प्रकल्प घेऊनच. नदीच्या काठाने दोनशे-दोनशे मीटरवर बारा खांब उभे करायचे. प्रत्येक खांब पाण्याची पातळी मोजणार आणि ती बिनतारी संदेशाने शेजारच्या खांबाला कळवणार. शेजारचा पुढच्याला सांगणार. असे करत करत बाराही खांबांची बातमी नियंत्रण कक्षात पोचणार. पूर्वी विहिरीवरून शेतापर्यंत घागरी हातोहात जात, तसाच हा प्रकार.

बारा खांब खरोखर उभे करायला पैसे नव्हते. म्हणून त्याने सगळी व्यवस्था संगणकात उभी केली होती. उत्तर आले होते की शंभरातले अठ्ठ्याण्णव संदेश सुखरूप पोचतात. आम्ही विचारले, ‘किती वेळा करून पाहिलेस?’

‘तीस वेळा, सर. एका दशांशाचाही फरक पडला नाही!’

हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. आम्ही मात्र तिथेच थबकलो. कारण जो प्रयोग तीस वेळा करूनही दशांशाचाही फरक पडत नाही, तो प्रयोग बहुधा एकदाच झालेला असतो.

नकली प्रयोग म्हणजे काय?

संगणकात अशी व्यवस्था उभी करून तिचे वागणे पाहण्याला सिम्युलेशन म्हणतात. आपण त्याला ‘नकली प्रयोग’ म्हणू. नकली म्हणजे खोटा नव्हे. नाटकातला राजा खोटा असतो, पण तो राजासारखा वागला तर आपल्याला त्यातून काही कळते. तसेच हे आहे.

संदेशवहनाचे नकली प्रयोग करणारा प्रोग्रॅम घड्याळासारखा सतत चालत नाही. तो घटनांची एक यादी ठेवतो. अमुक क्षणी तिसऱ्या खांबाने संदेश पाठवला, तमुक क्षणी तो चौथ्याला मिळाला, अशी. यादीतली सर्वांत आधीची घटना उचलायची, तिचे परिणाम काढायचे, त्यातून निपजणाऱ्या नव्या घटना यादीत आपापल्या वेळेनुसार घालायच्या आणि पुढच्या घटनेकडे जायचे. मधला रिकामा वेळ प्रोग्रॅम एका उडीत ओलांडतो. म्हणूनच नदीवरचा एक दिवस संगणकात काही मिनिटांत संपतो.

या कामासाठी आमच्या विद्यार्थ्याने ‘एनएस-२’ नावाचा प्रोग्रॅम वापरला होता. त्याचे मूळ १९८९ सालापर्यंत मागे जाते. अमेरिकेत वाढलेला हा प्रोग्रॅम सर्वांना फुकट मिळतो आणि त्यातली प्रत्येक ओळ उघडून वाचता येते. त्यामुळे तो जगभरच्या महाविद्यालयांत पोचला. २००८ साली त्याचा नव्याने लिहिलेला उत्तराधिकारी ‘एनएस-३’ आला. दोन्हींत एक सोय आहे आणि तीच गैरसोयही आहे. ज्या गोष्टी आपण सांगत नाही, त्या प्रोग्रॅम स्वतःच ठरवून टाकतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

एकच शीत तीस वेळा

निसर्गात पुष्कळ गोष्टी योगायोगाने घडतात. दोन खांब एकाच क्षणी बोलतील का, मध्येच गोंगाट येईल का, हे आधी सांगता येत नाही. संगणकाला हा योगायोग कुठून आणायचा? त्यासाठी यादृच्छिक संख्या लागतात. पण संगणक ठरलेली गणितेच करतो. तो एक सुरुवातीची संख्या घेतो, तिच्यावर गुणाकार-भागाकारासारख्या क्रिया करतो आणि फाशांच्या दानासारखी दिसणारी संख्यांची माळ तयार करतो. या सुरुवातीच्या संख्येला ‘बीज’ म्हणतात. बीज तेच, तर माळही तीच.

आमच्या विद्यार्थ्याने बीज बदललेच नव्हते. म्हणजे त्याने फासा एकदाच शंभर वेळा टाकला, आलेली दाने कागदावर लिहिली आणि तो कागद तीस वेळा वाचला. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण तेच शीत तीस वेळा चेपून पाहिले तर भात शिजल्याची खात्री तीसपट होत नाही.

बीजे बदलून पुन्हा तीस प्रयोग केले, तेव्हा उत्तरे विखुरली. काही चांगली, काही वाईट. विद्यार्थी खट्टू झाला. आम्ही त्याला सांगितले की आत्ता तुझ्या हाती पहिल्यांदा काहीतरी माहिती आली. सरासरी किती आणि ती किती इकडे-तिकडे होते, या दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची आहे असे समजू नये. बिनतारी जाळ्यांवरील एका नामांकित आंतरराष्ट्रीय परिषदेत २००० ते २००५ या काळात १५१ निबंध आले होते. कुर्कोव्स्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो या तीन संशोधकांनी ते तपासले. त्यांपैकी ११४ निबंध नकली प्रयोगांवर आधारलेले होते. पण दुसऱ्या कोणी तोच प्रयोग पुन्हा करून पाहावा इतकी माहिती देणारे निबंध शेकडा पंधराहूनही कमी निघाले. विज्ञानात दुसऱ्याला पडताळता येत नाही, त्या उत्तराला ऐकीव गोष्टीपेक्षा फारशी किंमत नसते.

दहा सेकंदांत चौदा सेकंदांचे बोलणे

बीजाची चूक सापडल्यावर आम्ही संगणक बंद करून कागद घेतला. आम्ही विचारले, ‘तुझ्या संदेशाची लांबी किती आणि तो किती वेगाने जातो?’

संदेश ५१२ बाइटचा होता आणि वेग सेकंदाला वीस लाख बिट. हे आकडे कुठून आले? तर नमुन्यादाखल मिळालेल्या प्रोग्रॅममध्ये ते होते, ते तसेच राहिले. पण प्रकल्पाच्या खर्चाच्या पानावर त्याने ज्या स्वस्त बिनतारी संचाची किंमत धरली होती, त्याचा वेग सेकंदाला ९६०० बिट होता. म्हणजे एकाच वहीत दोन पानांवर दोन वेगळी यंत्रे होती.

आता साधे गणित करू. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ५१२ बाइटचे ४०९६ बिट. ते ९६०० च्या वेगाने पाठवायला सुमारे ०.४३ सेकंद लागतात. नियंत्रण कक्षाला सर्वांत जवळचा खांब स्वतःचा एक आणि मागून आलेले अकरा, असे बारा संदेश पाठवतो. त्याच्या मागचा अकरा, त्याच्या मागचा दहा. हे तिन्ही खांब एकमेकांच्या इतके जवळ आहेत की त्यांच्यापैकी एका वेळी एकानेच बोलायला हवे, नाहीतर गोंधळ होईल. म्हणजे पातळी कळवण्याच्या प्रत्येक फेरीत इथे १२ + ११ + १० = ३३ वेळा बोलणे होणार आणि त्याला ३३ × ०.४३, म्हणजे सुमारे १४ सेकंद लागणार.

एरवी दर दहा मिनिटांनी पातळी कळवायची असेल तर सहाशे सेकंदांत चौदा सेकंद बोलणे, यात काही अडचण नाही. पण पूर आला की? विद्यार्थ्याच्याच योजनेप्रमाणे पाणी चढू लागले की दर दहा सेकंदांनी पातळी कळवायची होती. दहा सेकंदांत चौदा सेकंदांचे बोलणे! हे कोणत्याही युक्तीने बसवता येणार नाही. संदेश साचत जातील, मग गळू लागतील आणि जो पोचेल तोही शिळा असेल. ही व्यवस्था तीनशे दिवस उत्तम चालली असती आणि जिच्यासाठी ती उभारायची, त्याच रात्री मुकी झाली असती.

संगणकातला प्रयोग अठ्ठ्याण्णव टक्के गुण देत होता, कारण त्यात वेग दोनशेपटींहून जास्त धरलेला होता आणि पूर कधी आलाच नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

गंमत अशी की जिथे दोष सापडला, तिथेच उपायही होता. पाण्याची पातळी, वेळ आणि खांबाचा क्रमांक एवढे सांगायला ५१२ बाइट कशाला? सोळा बाइट पुरतात. संदेश बत्तीसपट लहान झाला की चौदा सेकंदांचे बोलणे अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपते. प्रत्यक्षात संदेशाच्या पुढे-मागे पत्ता व तपासणीचे काही बाइट जोडावे लागतात, म्हणून थोडे अधिक धरू. तरीही दहा सेकंदांत ते आरामात बसते. हे उत्तर प्रोग्रॅमने दिले नाही. ते त्रैराशिकाने दिले.

सगळे एकदम बोलले तर

बिनतारी संदेशांची खरी अडचण म्हणजे हवा सर्वांची एकच. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते. १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अलोहा’ नावाचे जाळे सुरू केले. त्याचा नियम अगदी सोपा होता. संदेश आला की पाठवून द्या. पोच मिळाली नाही तर थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवा.

हा नियम किती चालतो याचे गणित कागदावर करता येते. एक संदेश पाठवायला जितका वेळ लागतो, तेवढ्या वेळात सर्वांचे मिळून सरासरी किती संदेश निघतात, त्या संख्येला भार म्हणू. भार ०.०५ असेल तर शंभरातले सुमारे ९० संदेश धडपणे पोचतात. भार ०.५ झाला की ३७ पोचतात. भार २ झाला की फक्त दोन! भार चाळीसपट वाढला आणि पोचणाऱ्या संदेशांचे प्रमाण नव्वदावरून दोनावर आले. हवेचा जास्तीत जास्त उपयोग होतो तो भार ०.५ असताना आणि तोही जेमतेम १८ टक्के.

पुढे यात सुधारणा झाल्या. बोलण्यापूर्वी कानोसा घ्यावा आणि कोणी बोलत असेल तर थांबावे, हा नियम आला. १९९७ साली ठरलेल्या आणि आज घरोघरी असलेल्या वायफायच्या नियमांचा पायाही हाच आहे. पण कानोसा घेऊनही एक पेच उरतो. समजा शाळेच्या लांब व्हरांड्यात मधोमध मुख्याध्यापक उभे आहेत आणि दोन्ही टोकांच्या वर्गांत एकेक शिक्षक आहेत. मुख्याध्यापकांना दोघांचेही ऐकू येते, पण दोघा शिक्षकांना एकमेकांचे ऐकू येत नाही. दोघेही कानोसा घेतात, दोघांनाही शांतता वाटते आणि दोघेही एकाच वेळी बोलतात. मुख्याध्यापकांना काहीच कळत नाही. याला ‘लपलेले केंद्र’ म्हणतात. १९७५ साली टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी त्याचे गणित मांडले. नकली प्रयोगात सर्व खांब एकमेकांना ऐकू येण्याइतके जवळ ठेवले तर हा दोष कधीच दिसणार नाही.

याच्या उलट, नकली प्रयोग नसलेले दोषही दाखवू शकतो. एका खांबाने ‘सर्वांसाठी’ म्हणून दिलेला इशारा दोन शेजाऱ्यांना मिळतो आणि दोघेही तो पुढे पाठवायला जातात. संगणकातले खांब कवायतीतल्या मुलांसारखे असतात. दोघांनाही इशारा त्याच क्षणी मिळतो, दोघांनाही विचार करायला तेवढाच वेळ लागतो आणि दोघेही नेमके एकाच क्षणी बोलतात. प्रत्यक्षात कोणतीही दोन यंत्रे इतकी काटेकोर नसतात. म्हणून पुढे पाठवण्यापूर्वी प्रत्येकाने थोडा यादृच्छिक वेळ थांबावे, असे प्रोग्रॅममध्ये मुद्दाम लिहावे लागते. एवढी एक ओळ राहून गेली की चांगला नियमही निरुपयोगी ठरतो.

जग सपाट नाही

आता संदेश किती लांब जातो ते पाहू. एनएस-२ मध्ये बिनतारी केंद्राची पोच काहीही न सांगता धरली तर २५० मीटर येते. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. शक्ती सुमारे ०.२८ वॅट, आकाशकाची उंची दीड मीटर आणि जमीन आरशासारखी सपाट, असे धरून तो काढलेला आहे. सरळ आलेला किरण आणि जमिनीवरून परावर्तित झालेला किरण हे दोन्ही एकत्र आले की बऱ्याच अंतरावर शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने कमी होते. अंतर दुप्पट, तर शक्ती सोळाव्या हिश्शाइतकी.

जमीन नाहीच असे धरले तर? मग शक्ती अंतराच्या वर्गाने कमी होते. तेच यंत्र, तीच शक्ती, तोच ९१४ मेगाहर्ट्झचा लहरीपट्टा. पण पोच २५० मीटरऐवजी सुमारे ७२५ मीटर येते. प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली आणि यंत्राच्या पोचेतले क्षेत्र आठपटींहून अधिक वाढले! या दोनपैकी गोदाकाठ कोणता? खरे तर कोणताच नाही. काठावर बाभळी आहेत, ऊस आहे, चढउतार आहेत आणि पुराच्या वेळी तर पाऊस आहे, भिजलेली पाने आहेत.

शिवाय या प्रारूपात २४९ मीटरवर सगळे ऐकू येते आणि २५१ मीटरवर काहीच नाही. अशी धारदार सीमा निसर्गात नसते. ती विरत जाते. आमच्या विद्यार्थ्याचे खांब दोनशे मीटरवर होते, म्हणून संगणकात सगळे आलबेल होते.

अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयाच्या डेव्हिड कॉट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अशा गृहीतांची एक यादीच प्रसिद्ध केली. जग सपाट आहे. प्रत्येक केंद्राची पोच वर्तुळाकार आहे. सर्वांची पोच सारखीच आहे. मला तुझे ऐकू येते, म्हणजे तुला माझे ऐकू येते. ऐकू येते म्हणजे स्वच्छच ऐकू येते. शक्ती फक्त अंतरावर अवलंबून असते. त्यांनी तेहेतीस लॅपटॉप मोकळ्या मैदानात फिरवून मोजमापे घेतली, तेव्हा ही गृहीते मैदानातसुद्धा टिकली नाहीत. ‘मला तुझे ऐकू येते, म्हणजे तुला माझे’ हे तर कोणत्याही शेतकऱ्याला पटणार नाही. देवळातला भोंगा शेतात ऐकू येतो, पण शेतातली हाक देवळात पोचत नाही.

झाडांमधून आणि घरांमधून संदेश नेण्यासाठी कोणत्या लहरी बऱ्या, हे पाहायला मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी पालघर भागातल्या खामलोली परिसरात प्रत्यक्ष यंत्रे उभी केली. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या, पण तिथे रिकाम्या असलेल्या लहरींवर गावांना इंटरनेट देण्याचा तो प्रयोग होता. या लहरींची लांबी अर्ध्या मीटरच्या वर असते. नेहमीच्या वायफायच्या लहरी साडेबारा सेंटिमीटरच्या. लांब लहरींना पानांचा अडथळा कमी होतो. गणित आणि नकली प्रयोग आधी केले, तरी शेवटी गावात जाऊन मोजावेच लागते, हे अशा कामातून दिसते.

बैलगाडीची सरासरी

आमच्या विद्यार्थ्याने पुढे खांबांबरोबर काठाने फिरणारे कर्मचारीही प्रयोगात घातले. प्रत्येकाने एक ठिकाण निवडायचे, शून्य ते ठरावीक कमाल यांमधला कोणताही वेग घ्यायचा, तिथे पोचायचे आणि पुन्हा नवे ठिकाण, नवा वेग. फार प्रचलित प्रारूप आहे हे. पण त्याने पाहिले की प्रयोग जितका लांबवावा तितके उत्तर सुधारते. कर्मचारी शहाणे होत चालले होते की काय?

समजा दोन फेऱ्या आहेत, दोन्ही ४० किलोमीटरच्या. एक बसने, ताशी ४० च्या वेगाने. दुसरी बैलगाडीने, ताशी ४ ने. सरासरी वेग किती? फेऱ्यांची सरासरी काढली तर २२. पण बस एका तासात पोचते, गाडीला दहा तास लागतात. एकूण ८० किलोमीटर, एकूण ११ तास. म्हणजे सरासरी वेग ताशी सव्वासातच. कोणत्याही क्षणी रस्त्यावर डोकावले तर बहुधा गाडीच दिसणार.

संगणकातही तेच होते. ज्यांनी वेगवान फेरी घेतली ते लगेच मोकळे होतात. ज्यांनी मंद घेतली ते तासन्‌तास अडकून राहतात. हळूहळू रस्त्यावर बैलगाड्याच साचतात. वेग शून्याच्या कितीही जवळ चालत असेल तर सरासरी वेग शून्याकडे घसरत राहतो. २००३ साली यून, लिऊ आणि नोबल या संशोधकांनी हे दाखवून दिले. तोवर अनेकांनी याच प्रारूपावर आपापली उत्तरे काढली होती. विद्यार्थ्याचे कर्मचारी शहाणे झाले नव्हते, ते जवळजवळ थांबले होते. थांबलेल्या माणसाशी संपर्क ठेवणे सोपेच असते. उपाय दोन. किमान वेग शून्याहून पुरेसा वर ठेवायचा आणि सुरुवातीचा अस्थिर काळ मोजणीतून वगळायचा.

दोष कसा शोधावा?

प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर तो दोष सोपा. पडद्यावर तक्रार येते, ओळीचा क्रमांक येतो. अवघड दोष तो, ज्यात प्रोग्रॅम सुरळीत चालतो आणि सुंदर आलेख काढून देतो. अशा वेळी आम्ही पुढील क्रम पाळतो.

आधी बारा खांबांचे दोन करावेत. दोन खांबांत एक संदेश किती वेळात जायला हवा हे कागदावर काढावे आणि प्रोग्रॅमचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे. यात बिट आणि बाइट, सेकंद आणि मिलिसेकंद यांची अदलाबदल लगेच उघडी पडते. उत्तर आठपट किंवा हजारपट चुकले तर दोष बहुधा एककांत असतो. वाहिनीच्या वेगापेक्षा जास्त माहिती पोचलेली दिसली तर आनंद न मानता चूक शोधावी.

मग तीन खांब घ्यावेत आणि लपलेल्या केंद्राचा पेच मुद्दाम घालावा. संदेश वाया जायला हवेत. जात नसतील तर प्रारूपात काहीतरी गळले आहे. मग अलोहासारखा नियम घ्यावा, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे. भार ०.५ ला ३७ टक्के येत नसतील तर पुढे जाऊ नये.

प्रोग्रॅम प्रत्येक घटनेची नोंद एका फाईलमध्ये लिहितो. तिच्या पहिल्या शंभर ओळी बोट ठेवून वाचाव्यात. कंटाळवाणे काम आहे, पण आमच्या अनुभवात निम्मे दोष इथेच सापडतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कोणत्या बदलाचा परिणाम झाला हे कळत नाही. आणि जमल्यास तोच प्रयोग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये करून पाहावा. २००२ साली स्वित्झर्लंडमधील लोझानच्या कॅव्हिन, सॅसन आणि शिपर यांनी एकच साधा नियम तीन नामांकित प्रोग्रॅमांत चालवला. उत्तरे इतकी वेगळी आली की काही बाबतींत त्यांची तुलनाही करता येईना.

शेवटी, प्रोग्रॅमने न विचारता धरलेल्या सर्व गोष्टींची यादी करून ती अहवालात छापावी. आमच्या विद्यार्थ्याची यादी दीड पान भरली. त्यातल्या निम्म्या गोष्टी आपण धरल्या आहेत हे त्याला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर तीस प्रयोगांचा पहिला तक्ता त्याने दाखवला तेव्हा बीज विचारायचे आम्हांलाही सुचले. खर्चाचे पान मात्र आम्हीही दोन महिने उघडले नव्हते.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सारे समजायला संगणक लागत नाही. प्रत्येक मुलाला एक फासा द्या. फासे नसतील तर एक ते सहा आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या चालतील. शिक्षकांनी ‘एक’ म्हणताच सर्वांनी फासा टाकायचा. ज्याला सहा येतील त्याने टाळी वाजवायची. नेमकी एकच टाळी वाजली तर संदेश पोचला. दोन किंवा अधिक वाजल्या तर टक्कर. एकही नाही तर हवा रिकामी गेली.

असे चाळीस वेळा करा. आधी सहा मुले घ्या. चाळीसपैकी सुमारे सोळा वेळा संदेश पोचेल. मग बारा मुले घ्या. पोच अकराच्या आसपास येईल. मग तीस घ्या. चाळीसपैकी एखाद्याच वेळी! प्रत्येक मूल पहिल्याइतकेच बोलते आहे, तरी सर्वांचे मिळून काहीच ऐकू येत नाही. वरच्या वर्गातली मुले याचे सूत्रही काढू शकतील. मुलांची संख्या गुणिले एक षष्ठांश, गुणिले पाच षष्ठांशाचा ‘संख्या उणे एक’ इतका घात. मग तीस मुलांसाठी काय नियम बदलावा ते मुलांनाच विचारा. सहा आल्यावर टाळी वाजवण्याऐवजी आणखी काही अट घालायला हवी, हे कोणीतरी नक्की सांगेल.

दुसरा प्रयोग मैदानातला. एका मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून तो मैदानाच्या मध्यावर स्टुलावर ठेवा. दुसरा मोबाइल घेऊन आठ दिशांना चालत जा आणि संपर्क तुटतो तिथे खुणेचा दगड ठेवा. आठही दगड सुतळीने जोडा. वर्तुळ येते का पाहा. मग फोन धरणाऱ्याने हॉटस्पॉटकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे त्याचे शरीर मध्ये येईल. दगड कुठे सरकला?

आमच्या विद्यार्थ्याने अखेर अहवालात दोन्ही उत्तरे लिहिली. पहिले अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे आणि ते का चुकले याची कारणे. दुसरे, लहान संदेश, खरा वेग, खांबांमधले अंतर कमी करून आणि पुराचा भार घालून काढलेले. दुसरे उत्तर पहिल्याइतके देखणे नव्हते आणि त्यात ‘पावसात प्रत्यक्ष मोजल्याशिवाय खात्री देता येत नाही’ असे एक वाक्य होते. तोंडी परीक्षेत त्याला त्याच वाक्यावर सर्वांत जास्त प्रश्न विचारले गेले आणि सर्वांत चांगली उत्तरे त्याने तिथेच दिली.